तीन वेली, चार ढीग

ओतानियाझला ही गोष्ट सांग म्हटलं की आधी तो खेकसतो. "तुम्हाला काय, फुकटची करमणूक! इथं माझी रात्रीची झोप उडते, त्याचं काय?" मग दोन पेले चहा ढोसतो आणि सांगतोच. त्याने सांगितली तशी ही.

खिवा शहराबाहेर त्याचं घर. दार उत्तरेला, पुढे छपराचं बोळकांडं, भर दुपारीही अंधारलेलं. त्या दाराशी त्याच्या बायकोने, बिकाजानने, तीन फुटके तंदूर मांडून, माती भरून, द्राक्षवेली लावल्या होत्या. "सावलीत कसली डोंबलाची द्राक्षं!" असं तो वीस वर्षं म्हणत होता. ती म्हणायची, "पाय सावलीत असू द्यात की. डोकं उन्हात पोचलं म्हणजे झालं." आणि वेली छपरावर चढून लगडायच्या.

इथला हिवाळा वेली जाळतो. म्हणून पानं झडली की त्या उतरवायच्या, बोरूच्या चटईत गुंडाळून भिंतीशी निजवायच्या, वर माती ओढायची. मार्चातल्या नवरोझच्या सणाच्या सुमाराला उकरायच्या. त्या साली बिकाजानने तिन्ही निजवल्या आणि आठवड्यात तिच्याच अंगावरून वारं गेलं. हातपाय लाकूड, वाचा बंद. चार महिने ती आढ्याकडे बघत पडली होती. वैद्याने मान हलवली, डॉक्टरनेही हलवली.

मार्चात एके दिवशी जेवण झाल्यावर ओतानियाझ फावडं घेऊन बाहेर आला. हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं. सून शरोफत टोपली घेऊन मागे उभी. पहिला ढीग उकरला, वेल हिरवी. दुसरा, हिरवी. तिसराही. घामाने निथळत तो पुढे सरकला, अगदी उंबऱ्याजवळ, जिथं अंधार दाट होता.

"मामंजी…" शरोफत कुजबुजली. "वेली तीनच होत्या."

समोर चौथा ढीग होता. माणसाएवढा लांब. ओल्या मातीचा वास, आणि त्यात कसलासा घामट, अंथरुणाचा वास. मग मातीतून बारीक आवाज आला… झोपलेल्या माणसाचा श्वास असतो तसा. आत… बाहेर… मध्येच अडकणारा.

तेवढ्यात शेजारचा मतयाकूब बोळकांड्याच्या तोंडाशी टपकला. ढीग बघितला आणि दात काढले.

"काय रे थेरड्या, बायको जिती असतानाच जागा करून ठेवलीस?"

"तोंड आवर, मतयाकूब."

"मी कशाला आवरू? गाव बोलणारच. म्हातारी डोईजड झाली वाटतं!"

श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. फावडं लागेल म्हणून ओतानियाझने ते फेकलं आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती ओढू लागला. मतयाकूब कधी पळाला, कळलंही नाही.

"मामंजी, नका…"

"गप! आत कुणी असेल तर गुदमरतंय ते!"

नखं फुटली. चटई लागली. ती उलगडली तर आत काही नव्हतं. फक्त एक खोलगट ठसा, कुशीवर निजलेल्या बाईचा. त्याने हात ठेवला. ऊब होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

आणि घरातून आवाज आला, "अहो… कुणी चहा टाकतंय का, की मेलेय असं समजलात?"

तो चौकटीला धडकतच आत गेला. बिकाजान भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसत होती, चिडलेली, भुकेली, जिवंत. ओतानियाझ खाटेशीच खाली बसला आणि ढसाढसा रडला, वर तिलाच शिव्या घालत की आवाज द्यायला एवढे दिवस का लावलेस. छातीवरची धोंड उतरली होती. त्या साली द्राक्षं टोपल्यांत मावली नाहीत.

फक्त एक गोष्ट. संध्याकाळी शरोफतने सासूचे हात धुवायला घेतले, तेव्हा पाणी काळं झालं. दहाही नखांत ओली माती गच्च बसली होती. चार महिन्यांत ती बाई खाटेवरून हलली नव्हती.

बिकाजानला विचारलं तर म्हणते, "मला काय ठाऊक?" ओतानियाझ पुन्हा विचारत नाही. पण ओतानियाझने जित्या बायकोची कबर खणली, असं जो अख्ख्या चहाखान्यात बोंबलत फिरला, त्याने आजवर माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा: मतयाकूब.