गैरहजरांचं मत

केतकी नाईकवडीला शीतनिद्रेतून उठवलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो धाकट्या बहिणीचा. "ओवीचं यान पोचलं का?" डॉ. सईदा मुजावर यांनी मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि आधी हे पी म्हणाल्या. आठ महिने झोपलेल्या माणसाला वाईट बातमी रिकाम्या पोटी द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. केतकीला तो माहीत होता, त्यामुळे काय समजायचं ते तिला पेल्यावरूनच समजलं.

शनीच्या टायटन नावाच्या चंद्राकडे दोन यानं निघाली होती. 'तेरडा' पुढे, केतकीचं 'सोनकी' तीन महिने मागे. नाव ठेवलं त्या दिवशीच कुणीतरी खवचटपणे 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून घेतलं होतं. आता तेरड्याचं इंजिन खरोखरच बंद पडलं होतं आणि ते वाट सोडून भरकटत चाललं होतं. आत आठ माणसं शीतपेट्यांत झोपलेली होती, त्यांतली एक ओवी. त्या पेट्यांना चार महिने पुरेल एवढीच वीज होती.

सोनकीने वाट वाकडी केली तर त्यांना गाठता येत होतं. पण त्यात इंधन जळणार, आणि मग टायटनपाशी वेग आवरायला ते कमी पडण्याचा धोका पाचांत एक. म्हणजे आठ माणसं वाचवायला जाऊन चोवीस जायची शक्यता होती. म्हणून मतदान झालं. बारा जण जाऊ या म्हणाले, बारा नको म्हणाले. मतं समसमान पडली तर वाट बदलायची नाही, असा नियम.

"कधी झालं हे?"

"पंधरा दिवस झाले," डॉक्टर म्हणाल्या. "अजून सहा दिवस वळता येईल. पुढे नाही."

"मग मला उठवलं का नाही?"

"जागे सहा जण हात वर करतात. झोपलेल्या अठरा गैरहजरांचं मत प्रतिमनयंत्र सांगतं. त्यासाठी कुणाला उठवायचं नाही, हे तूही कबूल केलं होतंस."

"माझं मत काय सांगितलं यंत्राने?"

"नको," डॉक्टर म्हणाल्या.

केतकीचा नवरा शार्दूल मागच्या पाळीत जागा होता. पाळी एकेकाचीच बदलायची, आता त्याच्या जागी ती; बदलताना आठवडाभर नवा-जुना दोघंही जागे असतात, म्हणून तो भेटला. तिचा हात हातात घेऊन बसला. "मी हात वर केला होता, केतकी. सगळ्यांत आधी. सभा भोईटेसाहेबांनीच घेतली, त्यांना विचार. तुझंच मत आडवं आलं बघ. असतं मनात कुठेतरी. आपलं आपल्यालाही माहीत नसतं."

आणि तिने ते खरं मानलं. दोन दिवस ती स्वतःलाच खात राहिली. लहानपणी ओवीचे लाड जास्त व्हायचे. आईने आजीची मोहनमाळही ओवीलाच दिली होती. एवढ्याशा गोष्टीचा डूख धरून आपण बहिणीला मारायला निघालो? शार्दूल जवळ बसून पाठीवरून हात फिरवायचा, "स्वतःला दोष देऊ नकोस" म्हणायचा. दोष देण्यासारखं दुसरं काहीच तिच्यापुढे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. "यंत्राला माझं मन कळलं कशावरून, ते सांगा."

"तुझ्या वाक्यपटावरून. निघण्याआधी प्रत्येकाला दोनशे शब्द दिले होते. चौथीत नव्हतं का, 'पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा'? तसंच. फरक एवढाच की शाळेत बाई बघायच्या शब्द बरोबर वापरला की नाही. यंत्राला त्याचं काही नाही, बरोबर तर सगळेच वापरतात. बरोबर वापरताना माणूस कुणाच्या बाजूला उभा राहतो, ते यंत्र बघतं. 'खुर्ची' या शब्दाने फारसं कळत नाही. 'गैरहजर' दिला की मात्र खूप कळतं. गैरहजर माणसाची काळजी करणारा एक लिहितो, त्याच्यावर चिडलेला दुसरं लिहितो, त्याच्यामुळे अडून बसलेला तिसरंच. असे दोनशे शब्द जोडले की शंभरांत सत्त्याण्णव वेळा माणसाचा निर्णय आधी सांगता येतो."

"माझी वाक्यं दाखवा."

तो तिचा हक्क होता. डॉक्टरांनी पडद्यावर 'गैरहजर' काढून दिला. तिच्या नावावर तीन वाक्यं होती. *गैरहजर सभासदांसाठी सभा थांबवता येत नाही. गैरहजर राहणाऱ्याने नंतर तक्रार करू नये. जे गैरहजर आहेत त्यांच्यासाठी हजर असलेल्यांनी जीव धोक्यात का घालावा?*

केतकीने ती पुन्हा वाचली. हा आवाज तिने वीस वर्षं घरात ऐकला होता.

घरातले सगळे फॉर्म शार्दूल भरायचा. रेशनकार्ड, पासपोर्ट, बँकेचं केवायसी, सासूबाईंचा हयातीचा दाखलासुद्धा. तिला त्याचा कंटाळा आणि त्याला हौस. मोहिमेचे कागद आले तेव्हाही ती म्हणाली होती, "तूच भर रे माझं सगळं, मी सही करते." त्या चाळीस कागदांत हा वाक्यपट होता. तिने न वाचता सही ठोकली होती.

"तुमच्या दोघांचे वाक्यपट शंभरांत शहाण्णव जुळत होते," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, जुनं जोडपं आहे, जुळणारच. चुकलं माझं. तपासायला हवं होतं."

तिने तिथेच बसून दोनशे शब्द स्वतः लिहिले. 'गैरहजर'पाशी लिहिलं, *पंगतीला जो गैरहजर असेल त्याचं ताट झाकून ठेवावं.* तीन तासांनी यंत्राने नव्या वाक्यपटावरून मत दिलं: जाऊ या. जुन्या वाक्यपटातलं मन शार्दूलचं निघालं.

यानप्रमुख भोईटे शिस्तीचे होते. एक मत दुसऱ्याचं निघालं म्हणजे ती सभाच रद्द, असं ते म्हणाले आणि फेरमतदान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठेवलं.

शार्दूलने नाकारलं नाही. "भरला मी. नेहमीसारखाच भरला. मला काय माहीत, असं होईल."

"सभेत माझं मत 'नको' निघालं, तेव्हा तुला कळलं होतं. तेव्हा का बोलला नाहीस? दोन दिवस मी रडत होते. मीच ओवीला मारतेय म्हणून रडत होते, शार्दूल, आणि तू पाठीवरून हात फिरवत होतास."

"चूक झाली," तो म्हणाला.

तिला संताप आला होता, किळसही आली होती. तरी त्या दिवशी तिने ते सगळं बाजूला ठेवलं, कारण आकडा साधा होता. तिचं एक मत इकडून तिकडे गेलं की तेरा विरुद्ध अकरा. ओवी वाचत होती. नवऱ्याचं काय करायचं ते टायटनला गेल्यावर बघता आलं असतं.

दहा वाजता भोजनकक्षात सातही जागे जमले. सतरा गैरहजरांची मतं यंत्राने आधीच पाटीवर लावली होती, पूर्वीचीच. भोईटे म्हणाले, "तेरड्याकडे वळायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

केतकीने हात वर केला. डॉक्टरांनी केला, भोईट्यांनी स्वतः केला. शार्दूलने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

तिला एकदम सगळं कळलं. यंत्र चुकलंच नव्हतं. त्याने शार्दूलचं मन बरोबर ओळखलं होतं, फक्त ते तिच्या नावावर मोजलं होतं. त्या दिवशी पहिला हात वर करून चांगलं म्हणवून घेणं त्याला परवडलं, कारण ते खोडायला तिच्या नावाचं मत तयार आहे हे त्याला ठाऊक होतं. आता ते मत तिच्याकडे परत आलं होतं. त्याच्याकडे त्याचं स्वतःचं एकच उरलं होतं, आणि ते त्याने खरं दिलं.

"शार्दूल," ती म्हणाली, "वर कर."

"मला भीती वाटते, केतकी. मला जगायचंय. पहिल्या दिवसापासून वाटतेय. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटली."

भोईट्यांनी हात मोजले, पाटीवरचे आकडे मिळवले, पुन्हा मोजले. बारा आणि बारा. वाट बदलायची नाही, एवढं बोलून त्यांनी नोंद केली. बाकीचे खुर्च्या सरकवून उठले. केतकीचा हात अजून वर होता.

"मोजून झालंय, बाई," भोईटे म्हणाले. "खाली घ्या."