पट्टा थांबल्यावर

पट्ट्यावर आता एकच बॅग फिरत होती, आणि ती तिची नव्हती. निळी, गुबगुबीत, चेनमधून स्वेटरची बाही बाहेर लोंबणारी ती बॅग तिसऱ्यांदा समोरून गेली, तेव्हा एक आजोबा धापा टाकत आले आणि तिला उचलून घेऊन गेले. मग पट्टा एकदा कुरकुरला आणि थांबला.

बरोबर उतरलेली दीडशे माणसं आपापली ओझी ढकलत केव्हाच पांगली होती. ती मात्र तिथेच उभी. बॅगा जिथून बाहेर येतात त्या रबरी झालरीकडे तिने असे डोळे वटारले होते, की वाटावं, झालर घाबरून आणखी एक बॅग टाकेल बाहेर.

"नाही येणार आता," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावलेला एक माणूस हातात फॉर्मची पाटी घेऊन उभा होता. "हरवलेल्या सामानाचा काउंटर माझा. तो पलीकडे, काचेचा. खरं तर लोकांनी तिथे यायचं असतं, पण... पट्टा थांबल्यावर जो शेवटी उभा असतो ना, त्याच्या पायांत तेवढं चालायचं बळ नसतं. म्हणून मीच येतो."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की तिला एकदम रडूच यायला लागलं. ते लपवायला ती चिडली. हा तिचा लहानपणापासूनचा उपाय.

"बळ वगैरे आहे मला! बॅग नाहीये फक्त."

"बरं," तो म्हणाला, "मग बळाचं सोडून देऊ. बॅगेचं लिहू."

काउंटरवर आणखी एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर चढवून तो शोधणाऱ्या. त्यांना सगळे ताई म्हणत आणि त्याला मास्तर. कारण त्याचं अक्षर वळणदार होतं, आणि प्रवाशाने एक रकाना जरी कोरा ठेवला तरी तो फॉर्म परत करायचा. त्याने तिच्यापुढे चित्रांचा तक्ता सरकवला. त्यावर जगातल्या सगळ्या बॅगा रांगेत उभ्या होत्या, शेजारी रंगांचे चौकोन.

"रंग?"

"डाळिंबी."

"तक्त्यात डाळिंबी नाही. लाल आहे, तपकिरी आहे."

"दोन्ही नाही. डाळिंबीच."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग रकान्याच्या कडेला, जागा नसताना, बारीक अक्षरात 'डाळिंबी' असं लिहिलं. "आत काय होतं?"

"पाने. चौदा. स्क्रू ड्रायव्हर नऊ. पक्कड, तेलाची कुपी, रबरी वायसर, पाइपाचे तुकडे..."

"प्लंबर?"

"नाही हो. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करते मी. त्या वर-खाली होतात ना, त्या."

"म्हणजे डॉक्टरांच्या खुर्चीच्या डॉक्टर!"

"आणि पेशंट ओरडत नाही, हा फायदा." ती हसली, आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं. "दर महिन्याला येते इथल्या दातांच्या हॉस्पिटलमध्ये. हत्यारं विमानात हातात घेऊ देत नाहीत, नाहीतर कोण देतंय बॅग पट्ट्यावर!"

"आणखी काय होतं?"

"दोन ड्रेस. आणि... कपडे."

"कसले?"

"कपडे म्हणजे कपडे!"

मास्तरचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने 'इतर' असं लिहून खाली रेघ मारली. पलीकडे ताईंना अचानक खोकला आला.

"शेवटचा प्रश्न. बॅगेवर आधीच्या प्रवासाचा जुना टॅग होता? हँडलला गुंडाळतात ती कागदी पट्टी?"

इथे ती अडखळली. क्षणभरच.

"नाही," ती म्हणाली.

ती खोटं बोलली होती. टॅग होता. आठ महिन्यांपूर्वी बाबा शेवटच्या फेरीवरून घरी आले, बॅग कोपऱ्यात ठेवली, 'दमलो गं आज' म्हणाले, आणि चार दिवसांनी गेले. खुर्च्या दुरुस्त करायचं काम त्यांचं, हत्यारं त्यांची, बॅग त्यांची. हँडलला त्या शेवटच्या फेरीला जातानाचा टॅग तसाच होता, त्यावर त्यांचं नाव आणि त्या गावाचं. आई म्हणायची, काढ तो, आत्या म्हणायची, काढ तो; विमानतळावर बॅग घेणारी मुलगीसुद्धा म्हणाली होती, काढते हं. तिने हात आडवा घातला होता. आता या सभ्य माणसासमोर तोच वेडेपणा पुन्हा कबूल करायचा, तर तिची जीभ उचलेना.

त्याने 'नाही' लिहिलं. वळणदार अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनची हत्यारं उसनी घेतली आणि पहिल्या खुर्चीखाली आडवी झाली. फोन वाजला की डोकं खुर्चीच्या पायाला आपटायचं. सकाळी वाजला, दुपारी वाजला. दोन्ही वेळा मास्तरच.

"मिळाली?"

"नाही अजून. तेच सांगायला केला. लोकांना वाटतं, फोन नाही म्हणजे कुणी शोधत नाहीये."

"शोधताय?"

"सात विमानतळांना डाळिंबी म्हणजे कोणता रंग ते समजावून झालंय," तो म्हणाला. "एका ठिकाणी डाळिंब सोलल्यावरचं की न सोललेलं, असा वाद चाललाय."

"सोललेलं! ...पण जरा जुनं."

संध्याकाळी त्याने पुन्हा फोन केला. खरं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी पंधरा मिनिटं सांगत होता. तिनेही ठेवून दिला नाही. खुर्चीखाली पडल्या पडल्या तिला कळलं, की विमानतळावरच्या सहा वर्षांच्या नोकरीत त्याने स्वतः एकदाही विमानप्रवास केलेला नाही. की दुपारी तीन वाजता काउंटर रिकामा असतो, तेव्हा तो फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला अक्षर गिरवतो. आणि हेही कळलं, की दिवसभर आपण फोनची वाट बघतोय ती नुसत्या बॅगेसाठी नाही. हे कळल्यावर तिने पाना भलत्याच नटाला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो मात्र वेगळाच. आवाज अडखळत होता.

"एक डाळिंबी बॅग सापडलीये. भलत्याच गावी गेलीये. आडनाव तुमचंच आहे. पण नाव... एका पुरुषाचं आहे. तुमचे... मिस्टर?"

"मिस्टर नाहीत."

"म्हणजे... बाहेरगावी असतात?"

"म्हणजे मुळातच नाहीत."

"असं होय!" त्याने इतक्या जोरात हुश्श केलं, की फोनमधून वारा आल्यासारखं वाटलं. एरवी ती खळखळून हसली असती. पण ते नाव कुणाचं, हे तिला कळलं होतं.

"ते माझे बाबा," ती म्हणाली. "होते."

मग तिने सगळं सांगितलं. टॅगचं, कोपऱ्यात ठेवलेल्या बॅगेचं, 'दमलो गं' म्हणाल्याचं. खुर्चीखालच्या अंधारात सांगणं सोपं गेलं. "मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्ही विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले. तीन दिवस तुम्हाला उगाच राबवलं."

तो रागावेल असं तिला वाटलं. निदान समजावेल तरी. नवीन टॅग मशिनीत फाटला असणार, मग कुणीतरी जुनं नाव आणि गाव वाचून बॅग तिकडे पाठवली असणार, म्हणून तर असं लिहून घ्यायचं असतं, वगैरे.

"तुमचे बाबा जायचे ते गाव?" त्याने एवढंच विचारलं.

"शेवटची फेरी तिथलीच होती."

"म्हणजे बॅग रस्ता विसरली नाही म्हणायची."

तिला हुंदका आला. त्याने फोन ठेवला नाही. मग तिने विचारलं, "टॅग आहे ना अजून?"

"...नियम असा आहे, की बॅग पुढे पाठवताना जुना टॅग कापून टाकायचा. मी आत्ताच फोन लावतो तिकडे."

त्यानंतर दिवसभर त्याचा फोन आला नाही. 'फोन नाही म्हणजे कुणी शोधत नाहीये' असं नसतं, हे त्यानेच सांगितलं होतं; ती ते घोकत राहिली.

चौथ्या दिवशी ती काउंटरवर गेली तेव्हा डाळिंबी बॅग तिथे उभी होती. एक कोपरा चेपला होता, बाकी ठीक. तिने हँडल पाहिलं. नवाकोरा पांढरा टॅग, बाकी काही नाही.

"मिळाली ना बॅग, झालं," ती म्हणाली, आणि शब्द पुरा व्हायच्या आत तिचे डोळे भरून वाहायला लागले. चौदा पाने आले, नऊ स्क्रू ड्रायव्हर आले, आणि बाबांचं नाव तेवढं गेलं. त्यांच्या हाताने उचललेल्या बॅगेवरचं नाव.

मास्तर घाबराघुबरा झाला. "अहो, थांबा, थांबा! आधी हे द्यायला हवं होतं मी... ताई, सांगितलं होतं ना तुम्ही!" त्याने खिशातून पासपोर्टला घालतात तसं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं.

आत टॅग होता. कापलेला, चुरगळून पुन्हा सरळ केलेला, एका कडेला चहाचा डाग. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"मी फोन केला तोवर कापून झाला होता. तिकडच्या काउंटरवर एक मावशी आहेत. सहा वर्षं रोज बोलतो आम्ही, तोंड पाहिलेलं नाही एकमेकांचं. त्यांनी कचऱ्याच्या दोन टोपल्या जमिनीवर उलट्या केल्या आणि शोधला. बॅगेतच टाकून पाठवते म्हणत होत्या. मी म्हटलं, मुळीच नको. विमानात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या हातून मागवला. सबंध प्रवासभर त्यांच्या पर्समध्ये होता."

"का? बॅग येतच होती की."

"सहा वर्षं दुसरं काय बघतोय मी?" तो म्हणाला. "जे हरवून चालणार नाही, ते बॅगेत टाकायचं नाही. हातातच ठेवायचं."

तिने कव्हर दोन्ही हातांनी धरलं. काही बोलावं असं खूप होतं, पण निघालं ते भलतंच. "तुम्हाला चहा..."

"मावशींचा डाग आहे तो. माझा नाही!"

ताई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

निघताना तो तिच्याबरोबर दारापर्यंत आला. बाहेर रिमझिम होती. "एक सुचवू?" तो म्हणाला. "हत्यारं इथेच हॉस्पिटलमध्ये ठेवा. एखादं कपाट मागून घ्या. मग दर महिन्याला छोटी बॅग घ्यायची, हातातच. पट्टा नको, तक्ता नको, डोळे वटारायला नकोत. विमानातून उतरलं की थेट बाहेर."

"थेट बाहेर," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या काउंटरवर यायचं कामच नाही."

"...नाही."

"बरं होईल ना?"

तो पेनं नीट करत राहिला. आधीच नीट असलेली. "तुमच्यासाठी... बरंच होईल."

ती रिमझिमीत गेली. टॅक्सीत बसल्यावर तिने वळून पाहिलं, तर तो अजून दारातच होता.

सल्ला चांगला होता, म्हणून तिने मानला. हॉस्पिटलच्या भांडारात डाळिंबी बॅगेला हक्काचं कपाट मिळालं; बाबाही त्याच भांडारात चहा प्यायचे, असं भांडारवाले काका म्हणाले. टॅग तिच्या पर्समध्ये राहिला. महिनाभर आई म्हणत होती, या मुलीचं लक्ष नाही कुठे, भाजीत दोनदा मीठ घालते. फोन कुणीच केला नाही. आता बॅग हरवलेली नव्हती. फोन करायचा तर काय म्हणून करायचा, याचं उत्तर दोन्हीकडे सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात विमान दुपारी उतरलं. तिच्या हातात एकच छोटी बॅग, शाळेच्या दप्तराएवढी. थेट बाहेर जायचं दार समोर होतं. ती पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली.

बॅगा आल्या, लोक आले, लोक गेले. शेवटची हिरवी बॅग एका बाईंनी ओढून नेली. पट्टा एकदा कुरकुरला आणि थांबला.

पावलं वाजली. नेहमीपेक्षा भरभर.

"पुन्हा हरवली?" मास्तरचा चेहरा उतरला होता. हातात फॉर्मची पाटी, एक पेन आधीच उघडलेलं. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला, हातातच..."

तिने छोटी बॅग वर करून दाखवली.

"मग?" त्याला कळेना. "सगळं हातात आहे, तर पट्ट्यापाशी कशाला उभ्या आहात?"

"इथे जो शेवटी उभा राहतो," ती म्हणाली, "त्याच्याकडे तुम्ही स्वतः येता. म्हणून."

पेन खाली पडलं. दालनात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज चांगलाच झाला.

"पायांत बळ नव्हतं तुमच्या काउंटरपर्यंत यायचं," ती भडाभडा बोलून गेली, "खरंच नव्हतं. मला तुम्ही आवडता. महिनाभर ठरवत होते कसं म्हणायचं ते, आणि म्हटलं तर एवढंच निघालं."

तो पेन उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा कान डाळिंबी झाले होते. "तो सल्ला दिला ना मी, त्या दिवसापासून पस्तावतोय. ताई रोज म्हणतात, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. तुमच्या गावचं विमान आलं की मी... इथे येऊन बघतो. शेवटी कोण उरतंय ते."

"आणि?"

"रोज दुसरंच कुणीतरी."

काचेपलीकडून ताईंनी हात हलवला. मास्तरने पाटी काखेत मारली आणि तिच्या बॅगेकडे हात पुढे केला. "द्या, मी घेतो."

"अंहं. टॅग आहे यात. ही मी हातातच ठेवणार. तुमचाच नियम."

"बरोबर," तो म्हणाला. मग धीर करून, अगदी हळू, "दुसरा हात रिकामा आहे ना पण?"

तिने तो पुढे केला.