कुंभकर्णाची सीट

सायकलचे ब्रेक चांगले होते. हवालदाराने दोनदा दाबून बघितले.

तरी पोरगी उभ्या टेम्पोवर जाऊन आदळली होती. सकाळी, लख्ख उजेडात, सरळ रस्त्यावर. डांबरावर टायर घासल्याची खूणसुद्धा नव्हती.

"मी ओरडलो, बाई," टेम्पोवाला इन्स्पेक्टरबाईंना सांगत होता. "मान वर केली नाही तिने. झोपेत चालवत होती जणू."

तेवढ्यात हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन आला.

"मांडीचं हाड मोडलंय. वाचेल. पण रक्तात झोपेचं औषध आहे."

"जीव द्यायला घेतलं?"

"वाटत नाही. तेवढं नाहीये. आणि एवढं अंगात असताना ती सायकलवर बसली, म्हणजे अंगाला सवय असणार. रोजची."

बाईंनी फोन खिशात टाकला. "चल," त्या हवालदाराला म्हणाल्या. "घर बघू."

घर दोन खोल्यांचं. बाप मालाचा ट्रक चालवायचा, निम्म्या रात्री बाहेर. आई पोरगी लहान असतानाच गेलेली. पोरीला वाढवलं आत्याने, म्हणजे बापाच्या थोरल्या बहिणीने. आत्याचे गुडघे गेलेले. ती चाकाच्या खुर्चीत, स्वयंपाकाच्या ओट्याला चिकटून बसली होती.

"काल कॉलेजचा मेल आला," बाप म्हणाला. "दिलेली जागा काढून घेतली."

"का?"

"शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच सीट मिळाली होती तिला. अट एकच, शेवटच्या वर्षी मार्क आणि हजेरी घसरली नाही पाहिजे. आणि घसरली. बाकावर डोकं ठेवून झोपायची. सगळी शाळा तिला कुंभकर्ण म्हणते."

"काल तुम्ही काय बोललात तिला?"

बापाने मान खाली घातली. "म्हणालो, माझ्या घामाची माती केलीस."

आत्याने ओट्यावरचं चहाचं पातेलं पुढे सरकवलं.

"बाळ्या, बाईंना चहा दे," आत्या भावाला म्हणाली. "माझा बिनसाखरेचा. नाहीतर डॉक्टर मलाच खाईल, आधीच रक्तात साखर मावत नाहीये."

बाईंनी कप घेतला. "घरात झोपेच्या गोळ्या कुणाच्या?"

"माझ्या. पोरगीच देते रोज रात्री, स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवते. घेतली की मी मेल्यासारखी पडते."

हवालदाराने डबी तपासली. हिशोब बरोबर होता. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही.

"मग बाहेरून आल्या," तो म्हणाला.

"ठिणगीकडून," आत्या लगेच म्हणाली. "मैत्रीण तिची. मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. शाळा सोडलेली, तोंड फाटकं. ढवळ्याशेजारी पवळा, दुसरं काय."

बाई मोरीपाशी गेल्या. एक रंगीत कप तसाच पडला होता. तळाशी साखरेचा जाड थर, त्यावर मुंग्या.

"हा कुणाचा?"

"पोरीचा," बाप म्हणाला. "झोपताना दूध पिते. लहानपणी एकदा जीभ भाजली होती. तेव्हापासून ताई आधी दोन घोट घेऊन बघते, मग तिच्या हातात देते. अजून बाळच ठेवलंय तिला."

"एवढी साखर?"

"मेंदूला लागते," आत्या म्हणाली.

"काल रात्री पोरगी बाहेर गेली होती का?"

"छे. पडली ती घोरायलाच लागली. मग बाळ्या आला. कुलपाशी झटापट केली, फ्रीज उघडून उभ्या उभ्या काहीतरी खाल्लं, दोनदा शिंकला. त्याच्यानंतर वरच्यांचं बाळ रडलं. या घरात माझ्या कानाला चुकवून उंदीर जात नाही, बाई."

बाप कसनुसा हसला. "खरंय. शिंकलो होतो."

"पोरगी कॉलेजला गेली असती, तर ताईंचं कोण बघणार होतं?"

बाप जरा घुटमळला. "घर सोडणार होतो. मी ट्रकमध्येच झोपतो तसाही. ताईसाठी वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"छान आहे हो," आत्या म्हणाली. "खिडकी आहे म्हणे."

मेडिकलच्या काउंटरवर ठिणगी खोकी फोडत होती. वर्दी बघून तिने कटर खाली आपटला.

"आलात? वाटलंच होतं मला. शाळा सोडली की माणूस चोर. हे घ्या कपाट, हे घ्या बिल. मोजा."

"मोजायला नाही आले. तिने गोळ्या मागितल्या होत्या?"

"हो."

हवालदार पुढे सरकला.

"जागं राहायच्या," ठिणगी म्हणाली. "ऐकून तर घ्या आधी. रडायची इथे उभी राहून. म्हणायची, मला काय झालंय कळत नाही, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, मी अशी नव्हते. मी दिल्या नाहीत. म्हटलं डॉक्टरकडे जा. तर घरी म्हणे आत्या हसली. आळसावर औषध नसतं म्हणाली."

"वर्षभर अशीच?"

"मधला एक आठवडा सोडून. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ती हॉस्पिटलात, बाप तिच्यापाशी. ही माझ्याकडे राहायला. पहाटे मला लाथ मारून उठवायची, पळायला चल म्हणून. त्याच आठवड्यात चाचणी झाली, वर्गात पहिली. म्हटलं, कुंभकर्ण मेला एकदाचा. घरी गेली आणि परत तेच."

"कुंभकर्ण नाव शाळेत पडलं ना?"

"शाळेत पडलं, पण पाडलं आत्याने. सीट मिळाली म्हणून पालकांसमोर कौतुक चाललं होतं. आत्या खुर्चीतून म्हणाली, कसली हुशार, आमची कुंभकर्ण आहे ती. सगळे खो खो हसले." ठिणगीने कटर परत उचलला. "तोपर्यंत ती वर्गात एकदासुद्धा झोपली नव्हती. मी तेव्हा शाळेत होते. तिच्याच बाकावर बसायचे."

इन्स्पेक्टरबाई काही क्षण काउंटरवर बोटं वाजवत उभ्या राहिल्या.

"तिला भेटायला जा," त्या म्हणाल्या. "कोणी अडवलं तर माझं नाव सांग."

दुपारी त्या परत घरी आल्या.

"चांगली बातमी आहे. कॉलेजवाले उद्या सकाळी हॉस्पिटलात येतायत. पोरगी त्यांच्याशी नीट बोलली, तर सीट परत मिळेल."

बापाचे डोळे भरून आले.

"बरं झालं हो," आत्या म्हणाली. मांडीवरची चादर तिने सरळ केली. मग पुन्हा सरळ केली.

"ताई, तुमचा चेहरा पार उतरलाय. गोळी घेऊन जरा पडा. मी डॉक्टरांना विचारलंय."

"आत्ता?"

"घे ना, ताई," बाप म्हणाला. त्यानेच गोळी तिच्या जिभेवर ठेवली, वर पाणी दिलं. आत्याने मान मागे टाकून गिळली.

बाईंनी ओट्यावर दूध तापवलं. रंगीत कपात ओतलं. साखर घातली, भरपूर.

"हे पोरीला घेऊन जाते. तेवढं भाजत नाही ना बघा. तुम्ही बघितल्याशिवाय ती तोंड लावत नाही म्हणे."

आत्याने कप घेतला. एक घोट. दुसरा घोट. चमच्याने सावकाश ढवळलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "गरम आहे तोवर द्या."

बाईंनी कप घेतला, मोरीपाशी गेल्या आणि सगळं दूध चहाच्या गाळणीतून ओतून दिलं.

गाळणी त्यांनी बापासमोर धरली.

जाळीवर गोळी होती. कडा विरघळलेल्या, मधला भाग शाबूत.

बापाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो भिंतीला टेकला.

"घरातून गोळी कमी झाली नव्हती," बाई म्हणाल्या. "त्यामुळे सगळे बाहेर बघत बसले. पण ताई सकाळी म्हणाल्या, गोळी घेतली की मी मेल्यासारखी. आणि मग त्यांनीच तुमचं कुलूप, तुमची शिंक, वरचं बाळ, सगळं ऐकवलं. मेलेला माणूस शिंका मोजत नाही. म्हणजे गोळी डबीतून निघत होती, पण पोटात जात नव्हती."

आत्या खिडकीकडे बघत होती.

"मग कुठे जात होती? ज्यांना साखर चालत नाही, त्या रोज साखरेचा पाक असलेल्या दुधाचे दोन घोट घेत होत्या. ते घोट नव्हतेच. गोळी गालात धरायची, कप ओठाला लावायचा आणि ती आत सोडायची. साखर कडवटपणा झाकायला. त्यांनी स्वतः तोंड लावलेल्या दुधावर कोण संशय घेणार? त्या हॉस्पिटलात होत्या तेवढे दिवस पोरगी जागी होती. पहिली आली. आणि झोपायच्या आधीच तिचं नाव कुंभकर्ण पाडून ठेवलं, म्हणजे पुढे कोणी विचारायलाच नको."

"ताई," बाप म्हणाला. "तिचा जीव गेला असता."

"मी मारत नव्हते तिला," आत्या शांतपणे म्हणाली. "झोपवत होते. लहानपणी कोण झोपवायचं? मीच ना? तू तर ट्रकमध्ये. सीट गेली की ती राहिली असती घरी. मी कुठे जाणार होते, बाळ्या? खिडकी बघायला?"

"सीट तर कालच गेली होती," बाई म्हणाल्या. "मग काल रात्री का?"

आत्याने पहिल्यांदाच मान खाली घातली.

"ती म्हणत होती, पुढच्या वर्षी परत अर्ज करीन."

हवालदाराने खुर्चीचा ब्रेक सोडला.

हॉस्पिटलात पोरीचा पाय वर टांगलेला होता. उशाशी ठिणगी बसली होती, कोणी हाकललं तर भांडायच्या तयारीत. बाप दारातच थांबला. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पोरगी छताकडे बघत ऐकत राहिली.

"रोज मीच द्यायचे ती गोळी," ती शेवटी म्हणाली. "तोंड उघड म्हणायचे, आ कर म्हणायचे."

"हो. तीच परत तुझ्याकडे यायची."

"म्हणजे मी आळशी नव्हते."

"नव्हतीस."

"आणि सीट? कॉलेजवाले येणार म्हणून बाबांना सांगितलंत, ते खरं ना?"

"ते खोटं होतं. आत्यासाठी टाकलेला गळ. मी त्यांना फोन केला होता. तुझी जागा दुसऱ्याला दिली त्यांनी. मी लेखी देईन, पुढच्या वर्षी उपयोग होईल. यंदाचं मात्र गेलं."

दारात बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नर्स आत आली. तिच्या हातात पाण्याचा पेला आणि छोटी वाटी होती.

"पाय ठणकत असेल ना? ही घे. छान झोप लागेल."

पोरीने वाटीत बघितलं. मग हाताने ती हळूच बाजूला सारली.

"ठणकू दे," ती म्हणाली. "मी जागीच राहते."