बाबांचा उतरलेला सूर

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. त्या सकाळी हॉलमध्ये एकतीस जण होते. त्यांतले निम्मे आज यावर बोलायलाही तयार नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. पिंपरी, संत तुकाराम नगर.

आमचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा लहानसा. चाकणच्या कंपन्यांतले, हिंजवडीच्या आयटीतले लोक. आधी पाश्चात्त्य शास्त्रीय, मध्यंतरानंतर जुनी सिनेगीतं. सुरुवातीला ओबो, म्हणजे सनईसारखं दिसणारं वाद्य, एक लांब सूर देतो. बाकीचे सगळे त्या सुराला आपापलं वाद्य जुळवतात.

बावीस वर्षं तो सूर माझे बाबा द्यायचे. बुद्धरत्न. तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवणारे, नंतर फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कामगार.

फाउंड्रीच्या धुळीने छाती पोखरली. शेवटच्या वर्षी त्यांचा सूर उतरू लागला. तरी सगळे निमूटपणे त्या उतरलेल्या सुरालाच जुळवून घ्यायचे. चूक कुणी दाखवली नाही.

मी दाखवली.

डिसेंबरमध्ये, सगळ्यांसमोर मी म्हणाले, "बाबा, राहू द्या. आता ट्यूनरच्या मशीनवर सूर घेऊ."

"बरं," एवढंच बाबा म्हणाले. ओबो पुसून पेटीत ठेवला. सतरा दिवसांनी ते गेले. तोवर माझ्याशी संगीताबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

फेब्रुवारीतली ती तालीम त्यांच्याच स्मृतीच्या कार्यक्रमाची होती. त्यांची खुर्ची आम्ही रिकामी ठेवली होती. मी ट्यूनर लावला. सगळे जुळले. आमचे संचालक जयदीप सर, त्यांनी हात उचलला...

पहिलाच स्वर उतरलेला आला.

"ताई, तुझं मशीन नाइट शिफ्ट करून आलंय का?" चेलो वाजवणारा प्रितम म्हणाला. थोडे हसले.

पुन्हा जुळवलं. पुन्हा तेच... सगळ्या तारा सारख्याच उतरलेल्या. खुंट्यांना कुणी हात लावला नव्हता.

तिसऱ्यांदा, आणखी खाली.

आता कुणी हसलं नाही. मागून व्हायोलिनवरच्या कस्तुरामावशी हळूच म्हणाल्या, "रश्मे, हा तुझ्या बापाचा सूर हाय."

सर म्हणाले, चहा घेऊ, मग बघू. मी उठून उभी राहिले. ज्यांच्यासमोर बाबांना बोलले होते, ते सगळे तिथेच होते.

"बाबा, माझं चुकलं. सूर द्या."



आणि त्या रिकाम्या खुर्चीतून... कुणीतरी खोल श्वास आत घेतला. वाजवण्याआधी घेतात तसा.

तो सगळ्यांनी ऐकला. तारवाद्यांवरच्या सगळ्यांचे बो, म्हणजे गज, आपोआप तारांवर आले.

आम्ही थांबलो. खूप वेळ थांबलो.

सूर आला नाही.

कार्यक्रम आम्ही रद्द केला. प्रितम म्हणतो, ताई, त्यांनी माफ केलं असणार, नाहीतर श्वास कशाला घेतील?

पण तो श्वास सोडल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.