शुक्रवारचा तिसरा टोला

ही घटना खरी आहे. वर्तमानपत्राचं नाव तेवढं बदललं आहे. ज्याच्या बाबतीत ती घडली त्या पार्लिन सिनाम्बेलाने ती अनेकांना सांगितली आणि दरवेळी तशीच सांगितली. कुठे वाढवली नाही, कुठे रंगवली नाही.

तो मुळात रंगवणारा माणूसच नव्हता. त्याचं दुखणं नेमकं तेच होतं.

साल १९८९. जकार्ता. सेनेन बाजारामागची एक दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर 'वार्ता चिलिवुंग' या सांजदैनिकाचं कार्यालय.

वार शुक्रवार. वेळ भर दुपारची.

हो, दुपारची. रात्री कार्यालय रिकामं असलं तर त्यात काही विशेष नाही. पण शुक्रवारी नमाजाची वेळ झाली की पुरुष मशिदीत जात, बायका खाली सोतोच्या, म्हणजे रस्साभाताच्या, गाडीवर जेवायला. खुर्च्या अर्धवट सरकवलेल्या. पंखे फिरत असलेले. राखदाणीत सिगारेटी धुमसत असलेल्या...

आणि माणूस एकही नाही.

म्हणजे एकच. पार्लिन. तो बाताक जमातीचा, ख्रिस्ती. त्याला कुठे जायचं नसे.

'वार्ता चिलिवुंग' लोक मागून वाचायला घेत. शेवटच्या पानावर खाली उजवीकडे एक चौकट होती, 'बांग केंतोंगचा कोपरा'. रोज तीन बातम्यांची एकेक ओळ, आणि प्रत्येकीखाली बांग केंतोंगचा, म्हणजे केंतोंगदादाचा, एकेक टोला. केंतोंग म्हणजे पहारेकऱ्याने बडवायचं पोकळ लाकूड; या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. कोपरा कोण लिहितं हे बाहेर कळू द्यायचं नाही, हा नियम होता. लिहिणारा आजारी पडो, बदलो, मरो. बांग केंतोंग मरत नसे.

वर्षानुवर्षं कोपरा लिहीत आले होते बांग रोजाली. अस्सल बेतावी, पिढ्यान् पिढ्या जकार्ताच्याच मातीतले. पोट सुटलेलं, शर्टाची बटणं उघडी. टेबलावर कॉफीचा काचेचा पेला आणि पेल्यावर पत्र्याचं झाकण. टोला सुचत नसला की झाकण उचलायचे, घोट घ्यायचे, झाकण परत ठेवायचे.

टिंग.

आणि लगेच टाइपरायटर सुरू. टिंग झाली की टोला आला, हे अख्ख्या कार्यालयाला ठाऊक होतं.

पार्लिनचं टेबल बरोबर त्यांच्या मागे होतं. ती टिंग त्याला कानात नाही, छातीत लागायची.

पुराच्या वेळी तो कंबरभर पाण्यात कांपुंग मलायूत फिरला होता. आकडे, नावं, बुडालेल्या गल्ल्या, सगळं तपासून लिहिलं. चार कॉलम छापून आलं. संध्याकाळी बसमध्ये समोरच्या माणसाने पेपर उलटा केला, कोपरा वाचला, शेजाऱ्याला कोपराने ढोसून हसला. मग आसन ओलं होतं म्हणून पार्लिनचं पान त्यावर पसरलं आणि वर बसला.

"बांग, तीन ओळींचं तर काम आहे," पार्लिन एकदा रोजालींना म्हणालाच. "मलाही जमेल."

रोजाली पोट धरून हसले. "तुला? अरे, तू लग्नाची बातमी लिहिलीस तर लोक सांत्वनाला येतील!"

सगळे हसले. पार्लिनही हसला. त्या रात्री घरी जेवला नाही.

"त्यांचं नाव तरी छापून येतं का?" त्याची बायको तिउर म्हणाली. "तुमचं येतं. मग तुम्ही जळता कशाला?"

त्याला नाव नको होतं. बसमधलं ते हसू हवं होतं.

आणि एका मंगळवारी पहाटे बांग रोजाली झोपेतच गेले.

दफन दुपारच्या आत होतं. सगळं कार्यालय बसमध्ये बसून कोंदेतला निघालं. संपादक पाक हार्दोयो, म्हणजे हार्दोयोसाहेब, दारात थांबले.

"पार्लिन, चल. उशीर होतोय."

"आणि आजचा कोपरा, पाक? तो कोण लिहिणार?"

हार्दोयो त्याच्याकडे बघत राहिले. "माणूस अजून मातीत गेला नाही रे."

"बांग केंतोंग मरत नाही, पाक. नियम आहे."

हार्दोयोंनी मान हलवली. होकाराची की कसली, कळलं नाही. "लिही मग. पण वाचकाला कळता कामा नये."

बस गेली.

पार्लिन रोजालींच्या खुर्चीत बसला. खुर्चीवरची गादी अजून त्यांच्या आकाराने खोलगट होती. टेबलावर पेला तसाच होता. तळाशी कॉफी, वर झाकण. त्याने तो उचलून सगळ्यात खालच्या खणात ठेवला, खण बंद केला, आणि लिहायला घेतलं.

वाचकाला कळलं नाही. रोजाली गेले हेही नाही, आणि पार्लिन आला हेही नाही.

मग शुक्रवार आला.

त्याने तीन टोले लिहून खाली दिले. पान लावणाऱ्या मांग ओचिदच्या, म्हणजे ओचिदकाकाच्या, टेबलावर कागद ठेवला. ओचिद नमाजाला निघतच होता. परतल्यावर तो मजकूर जुळवणार, आणि तीन वाजता पेपर रस्त्यावर.

पार्लिन वर आला. मोरीत हात धूत होता. मशिदीच्या भोंग्यावरून प्रवचन ऐकू येत होतं. ते संपलं. आता लोक रांगेत उभे राहिले असणार. अशा वेळी क्षणभर सगळी वस्ती गप्प होते. रिक्षा नाही, फेरीवाला नाही...

टिंग.

पार्लिनने नळ बंद केला.

कट-कट-कट-कट... टाइपरायटर. जेमतेम एक ओळ. मग शांतता.

तो बाहेर आला. खोलीत कोणी नव्हतं. यंत्रात कागद नव्हता. खालचा खण बंद होता. त्याने ओढून पाहिला. पेला आत होता, झाकण लावलेलं, तळाशी कॉफी सुकून काळी पडलेली.

मनाचे खेळ, असं तो स्वतःला म्हणणार होता. तेवढ्यात त्याचं खुर्चीकडे लक्ष गेलं.

दबलेली गादी सावकाश वर येत होती...

आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

तीन वाजता पेपर आला. पहिला टोला त्याचा. दुसरा त्याचा. तिसरी बातमी अशी होती: 'यंदा शहरात पूर येणार नाही, अधिकाऱ्यांची ग्वाही.' तिच्याखाली पार्लिनने लिहिलं होतं, 'पाहू या, पाऊस काय म्हणतो.'

छापलं होतं, 'पाण्याला निरोप पोचला का?'

तो जिना उतरून धावत ओचिदकडे गेला. "मांग, हे कोणी बदललं?"

"बदललं? तुम्हीच दिलं तसं लावलं, बांग." ओचिदने कागद पुढे केला. तिसरी ओळ त्याच टाइपरायटरवरची होती. खाडाखोड नव्हती. ओचिद परत वाचून हसला. "पण झकास हं. आता कुठे तुमचा हात सुटला!"

त्या संध्याकाळी बसमध्ये माणसं हसली. पार्लिन दांडा धरून उभा होता. ज्या हसण्यासाठी त्याने इतकी वर्षं वाट पाहिली, ते हसू त्याच्या कानांवर पडत होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. पहिले दोन टोले त्याचे, तिसरा त्याचा नाही. त्या दिवसांत जप्त केलेल्या सायकलरिक्षा समुद्रात बुडवल्याची बातमी होती. पार्लिनने पर्यावरणावर काहीतरी लिहिलं. छापून आलं, 'आता माशांना भाडं परवडलं पाहिजे.' पाक हार्दोयो खोलीतून बाहेर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

"शुक्रवारी तुझ्यात काय संचारतं रे? अगदी रोजालीच!"

बाकीच्या दिवसांबद्दल ते काही बोलले नाहीत. कोणीच बोलत नसे.

दुसऱ्या कोणाला भीती वाटली असती. पार्लिनलाही वाटत होती, पण तिच्यावर एक वेगळीच आग चढत चालली होती. जिवंतपणी हा माणूस पुढे बसून हसवत होता. आता मातीत जाऊनही जागा सोडत नाही!

एका शुक्रवारी त्याने ठरवलं, उठायचं नाही.

सगळे गेले. त्याने खणातून पेला काढला, टेबलावर ठेवला, आणि झाकणावर तळहात दाबून धरला. दुसरा हात टाइपरायटरवर. बसून राहिला.

प्रवचन संपलं. रांगा लागल्या असतील. वस्ती गप्प झाली.

हाताखालचं झाकण हललं...

जोराने नाही. हळूच वर आलं, त्याच्या तळव्याला टेकलं आणि तसंच थांबलं. समोरचा माणूस हात काढेल म्हणून कोणी अदबीने वाट पाहावी, तसं.

पार्लिनच्या मानेवरून घाम ओघळला. पण हात त्याने काढला नाही.

"बांग," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला रडका वाटला. "तुम्ही मेलात. हा कोपरा माझा आहे. मला माझं लिहू द्या."

पंखा फिरत होता. राखदाणीतली एक सिगारेट संपून विझली.

झाकण खाली बसलं. आवाज न करता.

त्या दिवशी तिन्ही टोले त्याचे छापून आले. अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. संध्याकाळी तो मुद्दाम गर्दीच्या बसमध्ये चढला. एका जाड्या गृहस्थाने पेपर उलटा केला. कोपरा वाचला. पुन्हा वाचला.

"बांग केंतोंगचं आज पोट बिघडलंय वाटतं," तो शेजाऱ्याला म्हणाला आणि पान उलटलं.

त्यानंतर रोजाली आले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी पार्लिनने पेला घासून स्वच्छ केला. ताजी कॉफी ओतली, तीन चमचे साखर, रोजालींना लागायची तशी. झाकण ठेवलं आणि मोरीत जाऊन उभा राहिला. नळ बंद करून. वस्ती गप्प झाली, पुन्हा बोलू लागली. काही वाजलं नाही. बाहेर आला तेव्हा कॉफीवर साय आल्यासारखा थर धरला होता.

वाचकांची पत्रं येऊ लागली. बांग केंतोंग म्हातारा झाला का? वर्ष संपायच्या आत पाक हार्दोयोंनी त्याला खोलीत बोलावलं.

"तू बातमीचा माणूस आहेस, पार्लिन. तुझ्यासारखी बातमी इथे कोणी लिहीत नाही. कोपरा वेनिंगला देऊ या."

वेनिंग जोग्जाहून आलेली मुलगी. मान खाली घालून बोलणारी, नोकरीला लागून फार दिवस न झालेली. पार्लिन परत मागच्या टेबलावर गेला. पेला तिने फुलं ठेवायला घेतला. झाकण कुठे गेलं, कोणी विचारलं नाही.

आणि वेनिंगला जमलं. पहिल्याच आठवड्यात ओचिद खालून हसत वर आला. पार्लिन तिच्या पाठीकडे बघत बसायचा. ती लिहिता लिहिता थांबली की याच्या मनात यायचं, अडली... आता अडली. ती पुन्हा लिहायला लागली की याचा घास कडू व्हायचा.

मग तो शुक्रवार आला, ज्याच्याबद्दल पार्लिन सगळ्यात कमी बोलतो.

त्याला ताप होता. चिलिलितानच्या घरी एकटाच पडून होता. तिउर चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. रेडिओवर कोणी अधिकारी सांगत होता की रस्त्यांवरची कोंडी ही शहराच्या प्रगतीची खूण आहे.

आणि पार्लिनला सुचलं.

असं त्याला जन्मात कधी सुचलं नव्हतं. खटपट नाही, खाडाखोड नाही. 'प्रगती इतकी झाली की आता हलायला जागा नाही.' तो एकटाच मोठ्याने हसला. उशाशी कॉफी होती. तिउर झाकून ठेवून गेली होती, घरोघरी ठेवतात तशी. त्याने झाकण उचललं, घोट घेतला. बाहेर मशिदीच्या भोंग्यावरचं प्रवचन संपलं. गल्ली गप्प झाली. त्याने झाकण परत ठेवलं.

टिंग.

आवाज त्या लहानशा खोलीला न शोभणारा होता. मोठ्या, रिकाम्या जागेत घुमावा तसा. त्यात पंख्यांची घरघर होती... एकाहून जास्त पंख्यांची.

त्याच्या घरात पंखा एकच होता, आणि तो बंद होता.

संध्याकाळी तो शाल गुंडाळून नाक्यावर गेला. पेपर घेतला. उलटा केला. तिसरा टोला.

'प्रगती इतकी झाली की आता हलायला जागा नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनिंग जिन्यातच उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बांग पार्लिन, काल दुपारी तुम्ही आला होतात?"

"मी घरी होतो. ताप होता."

"सगळे गेले होते. मी जेवायलाही उतरले नव्हते. क्षणभर खिडकीशी गेले..." तिने जिन्यावरून वर पाहिलं. "पेल्यात माझी फुलं होती, बांग. झाकण तर कधीचंच हरवलंय. तरी झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग यंत्र वाजलं. खाली गेलेला तिसरा टोला माझा नव्हता."

पार्लिनने जिन्याचा कठडा धरला.

"आणि गादीत खड्डा होता," ती हळूच म्हणाली. "लहान. बांग रोजाली जाडे होते, असं सगळे सांगतात." तिने त्याच्या सडपातळ अंगाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. डोळे भरले होते तिचे. "कोणीही असो. मला माझं लिहू द्या ना."

हे शब्द त्याने ओळखले. आता काय बोलायला हवं, ते त्याला माहीत होतं. 'लिही', एवढ्या एका शब्दाचं तर काम होतं. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आतून भलतंच बाहेर पडलं.

"लोक हसले का?"

वेनिंग एक पायरी मागे सरली. मग दुसरी.

ते वर्तमानपत्र पुढे बंद पडलं. इमारतीत आता चपलांचं गोदाम आहे. पार्लिन अजून आहे, त्याच घरात. रोजाली निदान मेलेले होते, असं तो म्हणतो.

घरातली सगळी झाकणं त्याने टाकून दिली आहेत. शुक्रवारी दुपारी कॉफी उघडीच ठेवतो. माशी पडली तर पडू देतो. गल्ली गप्प झाली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो, आणि मनात काही सुचू नये म्हणून मोठमोठ्याने बातम्या वाचतो.

तरी कधी कधी सुचतंच.