पाण्याच्या दोन फाइली

"उद्या सकाळी शाळेच्या टाकीत ते पाणी सुटणार, ताई," दीपमाला फोनवर सुलेखाला सांगत होती. "लेकरं पितील."

पैठणकडच्या एका गावाची नवी बोअर. पाणी तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत दीपमाला नोंदी सांभाळायची. नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट निघालं होतं. आता ऑफिसच्या फाइलीत तेच पाणी पिण्यालायक! तिच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत जुनाच आकडा होता. पण प्रमुख आप्पासाहेबांच्या मते खाडाखोड तिनंच केली. नमुन्याची बाटली तर केव्हाच धुतलेली.

खासगी तपासनीस सुलेखा लगेच निघाली. मागोमाग तिचा जोडीदार, निवृत्त हवालदार बद्रीनाथ. दोन फाइलींतली खोटी कोणती, हे विचारायचं कुणाला?

तपासणी सम्यकनं केली होती. "आकडा टॅबवरून पाठवला की माझं काम संपलं. नंतर तो टॅबवर दिसत नाय, बदलताही येत नाय. ढीगभर बाटल्यांत ध्यानातही राहत नाय."

"बाटलीचा नंबर?" सुलेखानं विचारलं.

"शून्य चार, बेचाळीस. पहिली दोन घरं तालुक्याची. सगळे तालुके शून्यानंच सुरू होतात, मॅडम."

आप्पासाहेब हसले. "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? ती फाइल मी कधी उघडलीसुद्धा नाही. त्या चारशे बेचाळीस नंबरपायी पोरगी येडी झालीय."

सुलेखानं दीपमालाच्या लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायचा काळा पडदा उघडून ‘डिफ’ ही आज्ञा दिली. दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून फरक दाखवणारी. पडदा भरून गेला.

"आकडा तर एकच बदललाय म्हणं," बद्रीनाथ घाबरला. "मग हे लई फरक कशाचे?"

सुलेखानं सगळ्यांना बोलावलं.

"माणसानं एकच आकडा बदलला. बाकीचं स्प्रेडशीटनं केलं. तिथं फाइल उघडून जतन केली की नंबराआधीचं शून्य गळतं. ऑफिसच्या प्रतीत एकाही ओळीला शून्य नाही. दीपमालाच्या प्रतीत सगळी जागच्या जागी आहेत. तिच्या काळ्या पडद्यावरच्या आज्ञा न सांगता काही गाळत नाहीत."

"म्हंजे ऑफिसची खोटी!" बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय. बाटलीवर, टॅबवर, दीपमालाकडं शून्य चार, बेचाळीस. चारशे बेचाळीस फक्त त्या बिघडलेल्या फाइलीत दिसतं. आप्पासाहेब, न उघडता ते तुम्ही वाचलंत कुठं?"

आप्पासाहेबांनी रुमाल काढला. "बोअरचा ठेका मेहुण्याचा... एकदा पास झाली असती की..."

दीपमाला ऐकतच नव्हती. तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला होता.

"काय? आजच सोडलं? सर, आधी कॉक बंद करा. कुणाला पिऊ देऊ नका. मी फोन धरते."

बद्रीनाथ तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. फोनमधून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. पळणारी पावलं. कुणीतरी पोरांवर ओरडलं.

मग पाणी पडायचं थांबलं.

"कुणी प्यालं नाही ना, सर?" दीपमालानं विचारलं.

"नाय, बाई. मधली सुट्टी आत्ता होणार होती."