रंग वाळेपर्यंत

"बोलत नाही, तेच बरं आहे. दार उघडायला अशीच मुलगी लागते."

एजंट हे नणंदेला म्हणाला, आणि म्हणताना त्याने आवाज खाली आणला होता. पण एजंटचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा हाक मारायचा आवाज. आत ओट्याशी पाण्याचे पेले पुसत उभ्या असलेल्या तिला शब्दन् शब्द ऐकू आला. तिने हातातला पेला उजेडात धरून पाहिला, पुन्हा एकदा पुसला आणि ट्रे घेऊन बाहेर गेली. राग आला नाही. लग्न झाल्यापासून तिच्याविषयी कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

घर विकायचं होतं. घर नवऱ्याच्या आत्याचं. आईवडील गेल्यावर या बहीणभावाला आत्याने इथेच लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता आत्याही गेली होती. एजंटचं म्हणणं असं, की बंद घराला गिऱ्हाईक लागत नाही.

"रिकाम्या घरात माणूस शिरला की आधी भेगा बघतो. राहत्या घरात शिरला की पडदे बघतो. या दोघांना विक्री होईपर्यंत इथेच राहू द्या. नवं जोडपं दिसलं की समोरच्याला वाटतं, घर लाभतंय."

मग त्याने सूचनांचा सपाटा लावला. गळका नळ आजच्या आज बदला. गिऱ्हाईक बाकी सगळं सोसतं, टपटप सोसत नाही. कुणी यायच्या आधी खिडक्या उघडा आणि भर दुपारी असले तरी दिवे लावा. भिंतीवरचे फोटो काढून टाका, दुसऱ्याची माणसं बघत असली की घेणाऱ्याला पाहुण्यासारखं अवघडतं. दाराशी दोघांच्या चपला, दोरीवर रंगीत कपडे. कागद सगळे एका पिशवीत, हाताशी. आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही.

"आणि विचारलंच तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर खरं सांगायचं, पण थोडक्यात. घरात कुणी वारलंय का म्हणाले, तर नाही म्हणा. खोटं कुठे आहे? आत्याबाई वृद्धाश्रमात गेल्या ना!"

नणंदेने पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

आत्या आश्रमात कशी पोचली, हे तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. पडल्यापासून आत्याला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, आणि आत्या घर सोडायला तयार नव्हती. भावाची फिरतीची नोकरी, बहिणीचा संसार दूरच्या गावी. शेवटी दोघांनी मिळून तिला सांगितलं, "घराला रंग काढायचाय. वासाने तुला खोकला होतो. तोवर तिकडे राहा, रंग वाळला की लगेच घेऊन येतो." आत्याने दोन जोड कपडे पिशवीत भरले, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि गाडीत बसली. रंग मात्र खरोखरच काढला. विकायच्या घराला तो काढावाच लागणार होता. खोटं बोलायचं तर त्यात निम्मं खरं घालायचं, असं या घरात सगळं काम चोख असायचं.

लग्नानंतर ती आत्याला एकदाच भेटली. खिडकीजवळची खाट, खाटेवर मुटकुळं करून बसलेली बाई. आत्याने तिचा हात हातात घेतला, कापडाचा पोत बघावा तसा त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "रंग वाळला का गं?"

"अजून ओला आहे हं आत्या," नणंद पटकन म्हणाली. "हवाच तशी आहे ना."

नवरा खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिला. आत्या मात्र तिच्याकडेच बघत होती. ही नवी आहे, हिला अजून सवय लागली नसेल, अशा आशेने. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं तेव्हाही सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आश्रमातून फोन आला.

घर बघायला पहिलं जोडपं आलं तेव्हा तिने एजंटच्या सगळ्या सूचना पाळल्या होत्या. मागे तिला बघायला लोक आले होते, तेव्हाही घरात अशीच पुसापुशी झाली होती. या खेपेला निदान नाकडोळे तपासले जाणार होते ते घराचे, एवढाच दिलासा. येणारे गृहस्थ ऐसपैस होते. दिवाणखाना आवडला, स्वयंपाकघर आवडलं. मागची खोली, म्हणजे आत्याची, तीही आवडली. ऐटीत भिंतीला टेकून ते म्हणाले, "इथे आमचं कपाट मावेल," आणि सरळ झाले तेव्हा सगळी पाठ पांढरी झाली होती.

"अहो, आज सकाळीच फासलाय की काय? ओल लपवताय?"

"ताजा आहे साहेब, ताजा!" एजंट हसत म्हणाला.

"ताजा असायला भाजी आहे का ती?"

ते गेले. रंग काढून वर्ष होत आलं होतं.

रंगारी आला. त्याने भिंत ठोकली, कान लावला, एका कोपऱ्यात खरवडून पाहिलं. आतून भिंत खडखडीत कोरडी. ओल असती तर पापुद्रे सुटले असते, म्हणाला. सगळा रंग खरवडून त्याने नवा दिला, पंखा लावला आणि जाताना तिला म्हणाला, "वहिनी, उद्या खुशाल पाठ टेकून बसा." दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन भिंतीवर तळवा ठेवला, बराच वेळ तळव्याकडे बघितलं आणि पँटला पुसला. नंतर तो फोन उचलेना. उरलेल्या रंगाचा डबाही न्यायला आला नाही.

नवरा कामावर गेला की घर तिचं एकटीचं. दुपारी रस्ता सामसूम व्हायचा, ऊन खिडकीतून सरकत आतल्या बोळात यायचं आणि घरभर त्या रंगाचा वास साचायचा. थंड, गोडसर, घशाला चिकटणारा. अशाच एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तिला पहिल्यांदा आवाज आला.

चट्.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. चट्… मागच्या खोलीतून. पाल असेल, असं तिने ठरवलं. पण पाल अशी थांबून थांबून वाट बघत नाही. हा आवाज कशाचा ते कळायला तिला फार वेळ लागला नाही, आणि कळल्यावर हातातली घडी तशीच राहिली. ओल्या रंगाला बोट लावून उचललं की होतो, तेवढाच, तसाच.

खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवर ठिपके होते. बोटाच्या टोकाएवढे, लहान. खाटेपासून सुरू होऊन दाराकडे गेलेले, वाकलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर. वीतभर अंतरावर एक, मग दुसरा, मग तिसरा. घाई कुठेच नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, नुसतं खोलीत नेलं. तो दारातच थांबला. म्हणाला, "रंग वाळला का ते आत्या असंच बोट लावून बघायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुमची बोटं जाड, डाग पडतो…" मग दारातून मागे सरून म्हणाला, "ताईला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी नणंद आली. खोलीत डोकावली, दार ओढून घेतलं आणि कडीवरचा हात न काढता म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं. हळवा आहे तो."

सगळ्यांचं गुपित ठेवायला तिच्याइतकी सोयीची जागा या घरात दुसरी नव्हती.

दार लावल्याने काही अडलं नाही. ठिपके चौकटीवर आले, मग बोळात. कोरडा, जुना रंग होता तिथेही, ठिपके उमटतील तिथपर्यंत भिंत ओली होत गेली. दुपारी ती बोळाच्या या टोकाला उभी राहायची, आवाज त्या टोकाला. चट्… आणि मग ती शांतता. कुणीतरी विचारलंय आणि आता उत्तराची वाट बघतंय, अशी. काय बोलणार? वाळला म्हणावं, तर ते खोटं. ओला आहे म्हणावं, तर पुन्हा तेच, ज्याने आत्याला त्या खाटेवर बसवून ठेवलं. आश्रमात एक शब्द बोलायला हवा होता, तेव्हा तो सोपा होता. आता त्याची वेळ निघून गेली होती.

रविवारी दुपारी दुसरं गिऱ्हाईक आलं. सौम्य बोलणारा एक माणूस, त्याची बायको आणि काठी टेकत आलेली त्याची आई. त्यांचं राहतं घर विकून झालं होतं, या महिन्याअखेर सोडायचं होतं. एजंटने भुवया उडवून नणंदेला खूण केली, हे घेणारच.

त्यांना सगळं आवडलं. एजंटने बोळातून जाताना प्रामाणिकपणाचा आव आणून सांगितलंही, "इथे रंग जरा ओला आहे हं, जपून." माणूस म्हणाला, रंगाचं काय एवढं, वाळेल की. म्हाताऱ्या आजींनी एकच प्रश्न विचारला, "माझी खोली कुठली?" मागची दाखवल्यावर खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "उजेड छान येतो गं इथे." हे त्या कुणाला म्हणाल्या, कळलं नाही. सगळे तेव्हा न्हाणीघर बघत होते.

मग सगळे दिवाणखान्यात बसले. आजींना बोळाच्या तोंडाशी, भिंतीला लागून खुर्ची दिली. बोलणी रंगात आली. ती पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिला ऐकू येत होतं. चट्… बोळात. चट्… अलीकडे. नवऱ्याने मान खाली घातली होती. नणंद गरज नसताना मोठ्याने हसत होती. बाकीच्यांना काहीच ऐकू येत नसावं.

"एकच अडचण," तो माणूस म्हणाला. "रंगाच्या वासाने आईला धाप लागते." आणि मग आईकडे वळून, अगदी मायेने, "आई, तू तोवर धाकट्याकडे राहा. इथला रंग वाळला की लगेच घेऊन येतो तुला."

आवाज थांबला.

नुसता थांबला नाही. घरातलं सगळंच थांबल्यासारखं झालं, आणि वास एकदम एवढा दाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने वर पाहिलं. नणंदेचा चेहरा भिंतीसारखा झाला होता.

"लवकर वाळेल ना रे?" आजींनी विचारलं.

"म्हणजे काय आई!" मुलगा म्हणाला. मग बायकोकडे बघायचं टाळून त्याने खिशातल्या किल्ल्यांशी चाळा केला, आणि धाकट्याकडे खरंच जागा आहे की आजींच्या पिशवीची सोय आणखी कुठे झाली आहे, हे ट्रे धरून उभ्या असलेल्या तिला विचारावं लागलं नाही. ते बघणं टाळणं तिच्या ओळखीचं होतं.

"बघा, आईची काळजी कशी घेतात!" एजंट म्हणाला आणि तिला डोळ्यांनी खुणावलं, पाणी दे.

ती आजींपाशी गेली. आजींचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर, एकावर एक. वरच्या हाताच्या पाठीवर पांढरे ठिपके होते, ओले, चमकणारे. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. कुणीतरी हात हातात घेतल्यासारखे. तिच्या डोळ्यांदेखत अंगठ्याचा ठिपका हळूच सरकला, मागे-पुढे, पोत बघावा तसा. आजी खुर्चीच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होत्या.

तिने ट्रे खाली ठेवला. पेले किणकिणले तसे सगळे तिच्याकडे वळले, घरातलं कपाट बोलायला लागल्यासारखे. एजंटने तोंड उघडलं, पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती, नणंदेकडे नाही, एजंटकडेही नाही. ती त्या मुलाकडे आणि त्याच्या बायकोकडे बघत होती.

"आमच्या आत्यांनाही आम्ही हेच सांगून नेलं होतं," ती म्हणाली. "आणि त्यांचा त्या शब्दावर अजून विश्वास आहे."